प्राइम, झूम आणि रज्जाकभाईंचा खांदा

बडनेरा स्टेशनावर उतरले तेव्हा पाठीवर भाड्याने आणलेली एक झूम लेन्स होती आणि डोक्यात नुसता गोंधळ. आदल्या दुपारी सांगलीहून गाडीत बसले होते. गाडी भुसावळ सोडून पुढे आली तशी खिडकीबाहेरची माती काळी होत गेली, तुरीच्या कापलेल्या शेतांत बगळे दिसू लागले आणि मी पुन्हा तोच विचार करू लागले: प्राइम की झूम?

सांगलीत माझा दातांचा दवाखाना आहे. तिथे माणसं माझ्यासमोर तोंड उघडून स्वस्थ बसतात. जंगलात कुणी बसत नाही. माझ्या जुन्या लहान लेन्समधून काढलेल्या फोटोंत वाघ मांजराएवढा आणि पक्षी डासाएवढा दिसे. म्हणून एकदाच मोठी लेन्स घ्यायची, असं ठरवलं. झूम घेतली तर तिचं कडं फिरवून लांबचं जवळ आणता येतं, जवळचं मागे नेता येतं; वजनही बेताचं. पण उजेड कमी झाला की ती मान टाकते. प्राइम एकाच अंतराला बांधलेली. प्राणी जवळ आला तर मागे तुम्हीच सरकायचं. पण सांजेच्या अंधुक उजेडातही पिसन् पीस वेगळं दाखवते. आणि जड इतकी की कडेवर मूल घेतल्यासारखं वाटावं. कित्येक महिने मी यावर वाचत होते, आणि जितकं वाचावं तितकं कमी कळत होतं.

शेवटी रज्जाकभाईंचा फोन आला. "ताई, काहून डोकं खाऊन राहिल्या स्वतःचं? माझी पाचशे एमएमची प्राइम घरात पडून आहे. इकडे या, वापरून पाहा. आवडली तं घेऊन जा."

रज्जाकभाई चांदूर बाजारचे संत्र्याचे व्यापारी. काही वर्षांपूर्वी मेळघाटात एकाच गाडीत आमची ओळख झाली आणि टिकली. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. गाडी चालवता येते, पण तो हात छातीच्या वर जात नाही. 'घेऊन जा' हे ते मनापासून म्हणत होते, की मी 'नको' म्हणावं म्हणून म्हणत होते, ते मला फोनवर उमगलं नव्हतं.

स्टेशनाबाहेर ते उभेच होते. बॅग घ्यायला डावा हात पुढे आला. अमरावतीत त्यांनी गाडी थांबवून गिला वडा (भिजवलेला मऊ उडीदवडा, वर दही आणि चटणी) खायला घातला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसे ते खूष झाले. "सांगलीचे लोक गोड खाऊन खाऊन कच्चे झाले," असं म्हणून त्यांनी चटणी आणखी मागवली.

चांदूर बाजारला त्यांचं घर संत्र्याच्या बागेला लागूनच आहे. मृग बहाराची फळं उतरवणं चालू होतं. अंगणभर तो आंबट-गोड वास. नसीमभाभींनी जेवायला कढीगोळे (वाटलेल्या डाळीचे गोळे सोडलेली कढी) आणि भाकर केली होती. जेवणानंतर रज्जाकभाईंनी कपाटातून लेन्सची पेटी डाव्या हाताने ओढून काढली, मऊ कापडानं काच पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. भाभी दारात उभ्या राहून पाहत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून घाट चढून सेमाडोहला गेलो. सागाची पानं गळून वाटांवर पसरली होती आणि उघड्या सफारी गाडीच्या चाकाखाली पापडासारखी मोडत होती. प्राइम मी तांदूळ भरलेल्या पिशवीवर टेकवून घेतली होती. झूम रज्जाकभाईंच्या हाती द्यायला गेले.

"मले नोको ते खेळणं," ते म्हणाले. मग त्यांनी नाइलाजाने मांडीवर ठेवून घेतली.

उन्हं कलल्यावर एका निष्पर्ण सागावर रानपिंगळा दिसला. मुठीएवढं घुबड. एके काळी पक्षीतज्ज्ञ तो नामशेष झाला असं समजून चालले होते, आणि हा इथे फांदीवर बसून आमच्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होता. उजेड जवळजवळ गेला होता. मी बटण दाबलं. पडद्यावर त्याच्या पायांवरची पांढरी पिसं, पिवळे डोळे, सगळं आलं. मला हसू फुटलं. रज्जाकभाई वाकून पडद्याकडे पाहत राहिले; त्यांची नजर हलेना.

परतीच्या वाटेवर वळणावर रानगवा आडवा आला, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा आवाज यावा. प्राइममध्ये त्याचा फक्त एक डोळा आणि अर्धं शिंग मावलं. झूम दोन हातांवर होती, पण ती घेऊन बदलेपर्यंत गवा निघून गेला.

"मंग?" घाट उतरताना रज्जाकभाईंनी विचारलं. "काय ठरलं?"

मला प्राइम हवी होती. त्या घुबडानंतर शंकाच उरली नव्हती. पण मघाची त्यांची ती नजर आठवली. ती घेऊन जाणं म्हणजे 'तुमचं आता झालं' असं त्यांना तोंडावर सांगणं, असं मला वाटलं. मी म्हणाले, "मला झूमच बरी वाटते. गव्याचं पाहिलंत ना."

"असं?" ते म्हणाले, आणि पुढच्या वळणावर गिअर जरा जोरातच टाकला. मी त्यांना वाचवलं, अशी माझी समजूत. मग ते रागावल्यासारखे का दिसतात, ते कळेना.

पुढचा बेत अकोल्याकडचा होता. मूर्तिजापूरवरून काटेपूर्णाच्या अभयारण्यात गेलो, फाटकावर नोंद केली आणि आमचीच गाडी आत नेली. धरणाच्या पाण्यावर चक्रवाकांची रांग होती. केशरी अंगाची बदकं उडाली तेव्हा झूमने मला थवाही दिला आणि एकटा पक्षीही. म्हणजे काल मी खोटं बोलले ते आज खरं ठरत होतं. मी कॅमेऱ्यामागे वैतागून बसले. प्राइम मागच्या सीटवर, त्यांच्याच जुन्या कॅमेऱ्याला लावून ठेवलेली. "असू द्या सोबत," असं म्हणून तेच घेऊन आले होते.

परत फिरताना झुडपांतून चौशिंगा बाहेर आला. लहानसं हरीण, डोक्यावर चार शिंगं. सहजासहजी कुणाला दिसत नाही. मी झूम उचलेपर्यंत रज्जाकभाईंनी गाडी थांबवून, मागे वळून, प्राइम दोन्ही हातांनी वर घेतली होती. पुढच्याच क्षणी ते ओरडले. हात खाली गेला, लेन्सचं तोंड दारावर आपटलं, आणि मी झेप घेऊन ती कशीबशी पोटाशी धरली. चौशिंगा केव्हाच गेला होता. रज्जाकभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. कपाळावर घामाचे थेंब.

"पाहू नका माझ्याकडे," ते म्हणाले.

परतताना गाडी मी चालवली. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. त्यांनी डाव्या हातात कप धरला.

"ताई, तुमाले वाटलं मले वाईट वाटन. म्हणून नाही म्हणाल्या ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मले वाटलं, माझी लेन्स तुमाले पसंत नाही पडली. रात्रभर तेच डोक्यात. अवं, ते घरात असलं की माझा हात तिकडेच जाते. गच्चीवर एकदा असंच झालं. नसीमले सांगितलं नाही मी. डॉक्टर म्हणते, खांद्यातला स्नायू पुन्हा फाटला तं हात गेला. मी तुमाले खैरात करून नाही राहिलो. ते घरातून गेलं पाहिजे." कप खाली ठेवून म्हणाले, "अन् जाऊबी नये असं वाटते. आता बोला."

गेले दोन दिवस मी त्यांचं मन ओळखत होते, आणि सगळंच्या सगळं चुकीचं ओळखलं होतं.

घरी पोचल्यावर भाभींनी लेन्सच्या काचेला आडोसा देणारी पुढची तडकलेली काळी नळी पाहिली. नवऱ्याकडे पाहिलं. "पुन्हा?" एवढंच म्हणाल्या. म्हणजे गच्चीचं त्यांना ठाऊक होतं. मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "ताई, ते बला तुमीच घेऊन जा. दुसऱ्या कोणाले देलं तं ते रोज त्याच्या दारात जाऊन उभे राहतीन. सांगली दूर आहे." किमतीचंही त्यांनीच ठरवलं, मला आणि रज्जाकभाईंना त्यात बोलू दिलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी चहाला रज्जाकभाई दिसेनात. माझी झूमही जागेवर नव्हती. बागेत गेले तर ते संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर बसलेले, कोपर शेजारच्या क्रेटांच्या थप्पीवर टेकवलेलं, त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला लावलेली झूम डाव्या तळव्यावर. समोर हुदहुद (तुरेवाला हुप्पो) मातीत चोच खुपसत होता. तो चालत जवळ आला तसं त्यांनी कडं मागे फिरवलं. उडून बांधावर बसला तसं पुढे.

मला पाहून ओशाळले. फोटो दाखवला. जरा हललेला होता, तुऱ्याचं टोकही कापलं गेलेलं.

"चांगला नाही आला," ते म्हणाले. "पण खांदा नाही दुखला. या झूमवाल्यायले मी किती हसलो, ताई! आता कोणत्या तोंडानं घेऊ?"

"दाढी वाढवा," मी म्हणाले. "कुणी ओळखणार नाही."

ते इतके हसले की हुदहुद उडाला.

झूम भाड्याची, ती परत करावी लागली. प्राइम माझ्याकडे आली. परतीच्या गाडीत ती वरच्या फळीवर ठेवायचा धीर झाला नाही. सांगलीपर्यंत मांडीवरच घेऊन बसले. घरच्यांनी विचारलं, "शेवटी प्राइमच का?" मी उजेडाबद्दल, पिसांबद्दल काहीबाही सांगितलं. ते खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं. आजही कुणी विचारलं की काय घ्यावं, तर मी अडखळते. कृष्णाकाठी बगळा जवळ येतो तेव्हा माझ्या फोटोत त्याचे पाय कापले जातात आणि मी झूमच्या आठवणीने हळहळते. ढगाळ सकाळी धीवर पक्ष्याच्या पाठीचा निळा रंग फोटोत नेमका येतो तेव्हा वाटतं, बरं केलं. कोणती निवड बरोबर, हे मला ठरवता आलेलं नाही. वस्तू आपण आपल्या गरजेने निवडतो असं वाटतं. त्या निवडीत आणखी कोण कोण बसलेलं असतं, ते घरी आल्यावर मोजायला लागतो.

धीवराचा पहिला चांगला फोटो मी रज्जाकभाईंना पाठवला. लगेच फोन वाजला. फोटोबद्दल काहीच बोलले नाहीत.

"खांदा दुखते का?" त्यांनी विचारलं.

"दुखतो."

ते म्हणाले, "जपा, ताई."