पाटाचं पाणी प्यालेला स्लॅब

वसईकडच्या नंदाखाल ते आगाशी या पट्ट्यातला सिमेंटचा पहिला स्लॅब आमच्या घरी ओतला गेला. आगाशीची मंडळी हे कबूल करणार नाहीत, पण आगाशीची मंडळी सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा आधी स्वतः पाहून मगच कबूल करतात.

त्या काळी छप्पर म्हणजे कौलं, कौलांखाली वासे आणि वाशांखाली तुळई. माणूस उताणा पडला की आपल्या डोक्यावरचं ओझं कोण तोलून धरतंय ते त्याला डोळ्यांनी दिसायचं. मी विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन मुंबईला जायचो. तिथे एका व्यापाऱ्याच्या गोदामात पहिल्यांदा मान वर केली आणि तुळई शोधत राहिलो. वासा नाही, खांब नाही, नुसता सपाट दगड हवेत पसरलेला. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की त्या छपरावर शेठ आपली मोटार उभी करतो आणि तिला फिरवायला वर मैदान आहे. मोटार मी पाहिली नव्हती, पण गोष्ट रंगात आली की माझ्या तोंडाला ब्रेक लागत नाही.

बाबांना मोटारीशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात सुकेळी शिरली. राजेळी केळी सोलून आम्ही मांडवावर वाळत घालायचो आणि निम्मी कावळ्यांच्या, कुत्र्यांच्या नि शेजारच्या बकरीच्या पोटात जायची. आभाळात सपाट जागा मिळते म्हटल्यावर त्यांनी महिनाभरात मागच्या अंगणात विटांची एक बुटकी खोली उभी केली आणि मिस्त्री बोलावला.

मिस्त्री मिठागरांच्या बाजूचा. अर्धी मुंबई आपल्या हातची आहे असं तो पान खातखात सांगायचा. उरलेली अर्धी कुणाची, हे विचारायचं राहून गेलं. परमिटवर सिमेंट आलं. खाडीची रेती खारट, म्हणून विहिरीच्या पाण्याने इतकी धुतली की शेवटी ती पिठासारखी गोडसर लागत होती, मी चाखली आहे. खोलीत सुरूच्या खोडांचे टेकू उभे राहिले, त्यांवर आडव्या वळ्या, वळ्यांवर फळ्या, फळ्यांवर सळ्यांची जाळी. मग आळीतल्या बायकांनी घमेल्यांची रांग लावून दिवस मावळायच्या आत तो काळा चिखल वर नेऊन ओतला.

जाताना मिस्त्रीने बाबांना बजावलं. "बाबा, याला पानी पायजे. जितका पानी पिल तितका दगड होईल. मी येईपर्यंत टेकूंना हात लावू नका." आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

पाण्याची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली असती तर त्याने सकाळ-संध्याकाळ चार हंडे ओतले असते. पण बाबा पानमळ्याचे मालक. वेलीला पाणी द्यायचं म्हणजे पाट काढायचा, बांध घालायचा, वाफा तुडुंब भरायचा आणि मुळाशी गारवा पोचेपर्यंत हटायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. आमच्या विहिरीची माची, म्हणजे रहाटाचा चौथरा, उंच आणि खोली बुटकी. त्यांनी पोफळी चिरून पन्हळी केल्या, रहाटापासून थेट स्लॅबवर नेल्या, वर चारी बाजूंनी मातीचे बांध घातले आणि रेडा जुंपला. पहिल्या आठवड्यात स्लॅबवर घोटाभर पाणी होतं. पुढे गुडघाभर झालं. त्यात बेडूक आले, बेडकांमागे बगळा आला, आणि एक दिवस आईने वरून अळूची पानं खुडून आणली. अळू बांधावर उगवला होता असं ती म्हणायची. मी तो मधोमध पाहिला आहे.

इथपर्यंत गंमत होती. पुढे माझी झोप उडाली.

फळ्यांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं. खाली जमीन मातीचीच, फरशी अजून व्हायची होती. तिचा चिखल झाला. चिखलात टेकू. दुपारी वारा पडला की आत कुठेतरी 'कट्' असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, आणि आपण श्वास सोडला की पुन्हा 'कट्'. मी दारात उभा राहून वर पाहायचो. वर एवढा दगड, त्यावर एवढं पाणी, आणि मध्ये तुळई नाही. माझ्या मोटारीने हे सगळं घरात आणलं होतं. आणि बाबा? गार जागा म्हणून ते नेमके तिथेच दुपारची वामकुक्षी घ्यायचे. चिखलावर फळी, फळीवर घोंगडी, घोंगडीवर बाबा, आणि त्यांच्या घोरण्याच्या तालावर ते 'कट्'.

मी त्यांना बाहेर झोपायला सांगितलं तेव्हा त्यांनी एक डोळा उघडून मला विचारलं, की मोटार उभी राहते त्या छपराखाली माणूस झोपू शकत नाही काय. शेजारचे म्हातारे काका कुंपणावरून रोज नवा अंदाज सांगायचे. एक दिवस म्हणाले, "पडला की आवाज माझ्याकडे आधी येईल. मी फावडं घेऊन येतोच." आईने त्या दिवशी त्यांच्या घरी सुकेळी पाठवली नाही.

मिस्त्री परत आला, शिडीवरून वर चढला आणि तिथेच थांबला. बगळा उडाला. मिस्त्री खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं होतं. त्याने बांध फोडून पाणी सोडायला लावलं. ते अंगणातून असं धावलं की कोंबड्या केळींवर चढल्या. मग तो खोलीच्या दारापर्यंत गेला, आत पाय टाकला नाही, आणि मला बाजूला घेऊन काथ्याचे दोर मागितले. होडी ओढतात तसे टेकू बाहेरून ओढायचे, असं त्याचं म्हणणं.

"अर्धी मुंबई अशीच ओढलीस काय?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिकडे ओढायला दुसरा मानूस होता."

आता आमच्या घरची एक रीत होती. नवीन विहीर खणली की पहिल्यांदा खाली मालक उतरायचा. गडी नाही, मुलगा नाही, मालक. जिचं पाणी आपण पिणार तिच्यावर आपला भरवसा आहे हे तिला कळलं पाहिजे. बाबांनी ही रीत स्लॅबला लावली. टेकू निघताना मी खाली बसणार, म्हणाले. आईने हात जोडले, मग हात सोडून शिव्या दिल्या. मी विनवण्या केल्या. बाबांनी पाट घेतला, खोलीच्या मधोमध मांडला, त्यावर मांडी घातली आणि पानाचा डबा उघडला.

मी काय करणार? मीही आत शिरलो आणि त्यांच्या शेजारी चिखलात बसलो. त्यांचं धोतर मी दोन्ही मुठींत धरलं होतं. पडायला लागलं तर ओढून काढीन असा हिशोब. डोक्याचे केस उभे राहून वरच्या फळ्यांना टेकले होते. बाहेर आळी जमली होती आणि काका फावड्यासकट आले होते.

मिस्त्रीने पहिल्या टेकूचा दोर कमरेला गुंडाळला, पाय रोवले, देवाचं नाव घेतलं आणि सगळ्या अंगाने हिसका दिला.

टेकू हलक्या काठीसारखा निघून गेला. मिस्त्री अंगणात उताणा. वर काहीच झालं नाही.

दुसरा ओढला. तोही तसाच. तेव्हा मिस्त्री रांगत आत आला आणि तिसऱ्या टेकूच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला. टेकू आणि फळ्यांना खिळलेली वळी यांच्यामध्ये त्याचा अख्खा पंजा आरपार गेला. त्याने खाली बघितलं. टेकूंची बुडं चिखलात रुतली होती, सगळ्यांची.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "हे कदीचेच सुटलेत. वरचा पानी हा स्लॅबच एकटा धरून होता."

बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "म्हणजे मी दुपारी झोपायचो तेव्हा?"

"तवापन असाच."

इतके दिवस न घाबरलेला माणूस तेव्हा घाबरला. बाबा उठायला गेले आणि त्यांचे गुडघे उघडेनात. मिस्त्रीने आणि मी त्यांना पाटासकट उचलून बाहेर नेलं, लग्नातल्या नवऱ्यासारखं, आणि पोफळीखाली ठेवलं. ओठ पांढरे पडले होते. आई पाणी पाजत होती, ते हनुवटीवरून ओघळत होतं.

उरलेले टेकू नुसत्या हाताने निघाले, फळ्या तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या. मिस्त्रीचा एक हात हिसक्यात मुरगळला होता, म्हणून पहार घेऊन मी आत गेलो. स्लॅब आता दगड झालेला, मला कसली भीती? पहार पहिल्या फळीच्या फटीत घातली आणि जोर लावला. सिमेंटला चिकटलेली फळी सुटताना जो आवाज झाला तो वसईच्या किल्ल्यावरच्या तोफांनीही कधी काढला नसेल. कडाड. आत धुरळा, मला काही दिसेना. बाहेर आळी पांगली. काका फावडं टाकून कुंपणावरून पलीकडे गेले.

आणि त्या धुरळ्यातून, ज्यांचे गुडघे उघडत नव्हते ते बाबा स्लॅबखाली धावत आले. वर पाहिलं नाही, फळी पाहिली नाही. माझी कॉलर धरली आणि केळीचं खोड ओढावं तसं मला ओढत विहिरीपर्यंत नेलं.

"बाबा, नुसती फळी होती," मी म्हणालो.

"गप," ते म्हणाले.

उरलेल्या फळ्या मिस्त्रीने एका हाताने काढल्या. प्रत्येक कडाडला बाबांची मूठ घट्ट होत होती. संध्याकाळी आईने ताटं वाढली तेव्हाही त्यांनी माझी कॉलर सोडली नव्हती. ते उजव्या हाताने जेवले, आणि मी मान वाकडी करून, त्यांच्या डाव्या हाताला लटकून जेवलो.