सावनीच्या नावापुढची लाल खूण

हेमलताबाई साळवे प्रार्थनासभेत कुणाच्याच लाडक्या नव्हत्या आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. नगरच्या मिशन दवाखान्यात परिचारिकेचं शिक्षण झालं, मग नवऱ्याच्या मोटार कारखान्यातल्या नोकरीपायी चेन्नई, आणि इथे तीस वर्षं ऑपरेशन थिएटर. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. त्याच्यासाठी देवाकडे इतकं मागितलं, ते मिळालं नाही, तेव्हापासून त्यांनी मागणंच बंद केलं. सभेला मात्र त्या दर रविवारी जात, बहुधा चिडायला कुणीतरी हवं म्हणून.

सभा चेन्नईच्या वेलचेरी भागात, ती चालवणाऱ्या माधवरावांच्या फ्लॅटवर भरे. महाराष्ट्रातून आलेली आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं, दाराशी चपलांचा ढीग आणि खाली पार्किंगमध्ये सहा गाड्या. माधवरावांकडे विनंत्यांची वही असे. विनंती लिहायची, सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची, ती ऐकली गेली की नावापुढे लाल खूण आणि उभं राहून साक्ष. त्या खुणांचा माधवरावांना केवढा अभिमान! जणू प्रत्येक खुणेवर देवाची सही हेच घेऊन आले होते.

जूनमध्ये सावनीची विनंती आली. शहराबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी, एकटी राहणारी तिशीची मुलगी, दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिस, आणि परतताना चक्कर. तिने लिहिलं होतं, सोबतीला कुणीतरी मिळावं. सगळ्यांनी डोळे मिटले. सभेतल्या देवेशने तर हुंदके देत प्रार्थना केली आणि मग गाडीची किल्ली बोटावर फिरवत घरी गेला.

हेमलताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंगळवारी सकाळी सहाला त्या सावनीच्या दारात हजर. परतताना शेअर ऑटोत तिला खांद्याला टेकवून आणलं, बळेबळे दोन इडल्या खायला घातल्या आणि बजावलं, "सभेत कुणाला बोलायचं नाही. राहू दे ती ओळ खुणेवाचून. बघू कुणाला लाज वाटते ते."

"पण मावशी, त्यांनी विचारलं तर?"

"सांग, अजून कुणी नाही मिळालं."

सात रविवार सावनी खाली मान घालून खोटं बोलली. सात रविवार हेमलताबाई कोपऱ्यात बसून माधवरावांचा पडलेला चेहरा बघत राहिल्या. खरं सांगायचं तर इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

आठव्या रविवारी माधवरावांनी वही मिटली. "विश्वासाने मागितलं की मिळतंच. मिळत नसेल, तर खोट मागणाऱ्यात. सावनी, तू देवापासून काही लपवतेयस का?"

सावनीचा सुजलेला चेहरा लाल झाला. लपवलेलं होतंच की! तिने हेमलताबाईंकडे पाहिलं.

हेमलताबाई ताडकन उठल्या. "तिला काय विचारता? मी नेते तिला, पहिल्या आठवड्यापासून! खाली सहा गाड्या उभ्या, आणि तुम्ही वर बसून देवाकडे सोबत मागताय? तुमचा विश्वास गुडघ्यांतच अडकलाय, पावलांपर्यंत उतरतच नाही!"

 माधवरावांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे प्रार्थना ऐकली गेली! प्रभूची स्तुती असो!" त्यांनी लाल पेन उचललं. हेमलताबाईंनी ते हिसकावून घेतलं. मग अशी काही जुंपली की सावनी कधी उठून गेली ते कुणाला कळलंच नाही.

मंगळवारी सहाला हेमलताबाईंनी बेल दाबली. दार उघडलं नाही.

"मावशी, आज मी एकटी जाईन," आतून सावनी म्हणाली. "त्यांनी माझ्यासाठी नुसती प्रार्थना केली. तुम्ही मला उचललंत, पण त्यांच्यावर फेकून मारायला."

  एकटी गेली तर ही पोर रस्त्यात कोसळणार, हे हेमलताबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या पायरीवर बसल्या. मला खरंच हिची काळजी होती का, हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. "तिला एकटीला जाऊ देऊ नकोस. ऐकतोयस ना? या वेळी ऐकायलाच हवं." प्रार्थना कसली, दमदाटीच ती.

मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पुन्हा बेल दाबली आणि बंद दाराला म्हणाल्या, "चुकले गं मी."