भिंगाला लावलेली तीट

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं याबद्दल साकोलीत दोनच मतं आहेत: सकाळी फिरायला जावं, नाही तर भजनी मंडळात जावं. मी कॅमेरा घेतला. तोही दूरचे डोंगर आणि वाघ टिपणारा नव्हे. नाकासमोरच्या वस्तू टिपणारं भिंग त्याला लावलं. मुंगी त्यात म्हशीएवढी दिसते. बायकोनं हे शांतपणे स्वीकारलं, कारण जेवणाच्या टेबलाचं काय होणार आहे हे तिला अजून माहीत नव्हतं.

महिन्याभरात टेबलावर पळसाच्या वाळक्या शेंगा, सुकलेला झेंडू, उकललेलं सीताफळ आणि एका जुन्या विद्यार्थ्यानं चिखल्याहून आणलेला मँगनीजचा काळाभोर दगड असा संसार जमला. "यातलं खायचं काय आणि पाहायचं काय, तेवढं सांगून ठेवत जा," ती एकदा म्हणाली. "काल मी तुमचं अर्धं सीताफळ खाल्लं."

या छंदातल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप गट असतो. माझाही आहे. तिथं फोटोपेक्षा मथळे मोठे. भोपळ्याच्या फुलाखाली 'अस्तित्वाचा पिवळा हुंकार' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. नागपूरला एका कार्यशाळेत गुरुजींनी सांगितलं, फुलाशी आधी संवाद साधा, मग बटण दाबा. घरी येऊन मी झेंडूशी प्रयत्न केला. दोघांनाही काही सुचलं नाही.

एका दुपारी भात जेवताना माझ्या लक्षात आलं, की जन्मभर मी ज्या पिकावर जगलो त्याचं फूल कधी पाहिलेलं नाही. गुलाबाचे फोटो सगळ्या जगानं काढले. धानाच्या फुलाला कुणी विचारत नाही. ते सकाळी ऊन चढल्यावर तासभर उघडतं आणि मिटतं, असं वाचलं होतं. मी दिघोरीला माझ्या मोठ्या बहिणीकडे गेलो.

ताईच्या शेतात एक बांधी, म्हणजे बांधांनी वेढलेला एक तुकडा, फक्त चिन्नोरासाठी असते. हा आमच्याकडचा जुना वासाचा तांदूळ. बाकीचं धान विकायला, चिन्नोर घरच्यांसाठी. आदल्या वर्षी तो पोचट निघाला होता. दाणा भरलाच नाही. ताईनं इकडून तिकडून मूठ मूठ बियाणं मागून यंदा पुन्हा लावला होता. हाही गेला तर बी संपलं, हे तिनं मला मी चप्पल काढायच्या आत सांगितलं.

मी येण्याचं कारण सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला.

"नोको काढू बाबू. आत्ताच निसवून राहिला तो, लोंब्या बाहेर येऊन राहिल्या. पोटुशीचा फोटो काढतेत का कोनी?"

"तुह्या सुनेचा काढला ना नागपूरले. पाठीले पंख लावून, धुरात उभी करून."

"मनूनच त त्या लेकराले सर्दी राहते."

भाऊजी ओट्यावर बसले होते. त्यांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, त्यामुळे त्यांनी दोघांच्याही बाजूनं "हूं" केलं.

"ताई, नजर बिजर काही नसते," मी म्हणालो.

"नसते त नसते. मंग येवढा मोठा डोळा कायले घेऊन आला?" तिनं भिंगाकडे बोट दाखवलं. खरोखरच तो डोळा होता, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांपेक्षा मोठा.

रात्रभर विचार करून तिनं तोडगा काढला. सकाळी मी निघालो तेव्हा ती काजळाची डबी घेऊन दारात उभी होती. मला वाटलं मला लावणार. तिनं माझ्या हातातला कॅमेरा ओढला आणि भिंगाच्या काचेवर, कडेशी, करंगळीनं ठसठशीत तीट लावली. ज्या काचेवर मी फुंकरही जपून घालतो, तिच्यावर.

"ज्याच्यानं पाहाचं, त्याले टिक्का," ती म्हणाली. "आता जाय. आनी पुसू नोको, मी मंग पाहीन."

तर्क बिनतोड होता. मी पुसलं नाही. ती पाहणार होती.

बांधीत गेलो. कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, मागे काळं कापड धरायला दोन काड्या उभ्या केल्या आणि बांधावर गुडघे टेकून एका लोंबीसमोर बसलो. ऊन वर आलं. आणि मग, अगदी हळू, एका दाण्याच्या टरफलाची चोच उघडली. आतून फिक्या पिवळ्या परागांच्या पुड्या केसासारख्या देठांवर लोंबत बाहेर आल्या. ना रंग, ना पाकळी. एवढ्याशा समारंभावर अख्खा जिल्हा जेवतो, आणि त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

मी श्वास रोखला, कारण श्वासानंही लोंबी हलते. नेमकी तेव्हा रस्त्यावर मोटारसायकल थांबली. शेजारच्या बांधीचा मालक होता.

"पंचनामा होय का साहेब?"

आमच्याकडे धानाचा इतक्या जवळून फोटो कोण काढतं? नुकसान पाहायला आलेला माणूस. दुसरं कुणी कशाला काढेल? मी डोळा कॅमेऱ्याला लावूनच, गप्प राहा या अर्थानं मान हलवली.

"वहिनीचा चिन्नोर गेला मना की. तुडतुडा का करपा?"

मी हातानं, थांब, नंतर सांगतो, अशी खूण केली. त्यानं तिचा काय अर्थ लावला देव जाणे. "अरे अरे अरे," म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

मी परतलो तेव्हा ताईच्या अंगणात माणसं जमली होती. मोटारसायकलवाला मध्यभागी उभा राहून करप्याचं वर्णन करत होता. एक म्हातारी ताईच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला पाहताच एक जण पुढे आला. "साहेब, आमच्या बांधीतबी पाय लावा. कडेकडेनं पिवळं पडून राहिलं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला लहानपणापासून ओळखीची आहे. सगळ्या गावाचं लक्ष आता त्याच एका बांधीवर होतं, आणि ते मी आणून ठेवलं होतं. मी खुलासा करायला तोंड उघडलं.

"गेला बाई," ताई पदर तोंडाशी नेत म्हणाली. "सारा गेला. याही वर्षी नसीब नाही माहं."

मी तोंड मिटलं. भाऊजींनी "हूं" केलं.

माणसं हळहळत पांगली. ताईनं मला आत नेऊन ताट वाढलं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

"खोटं काहून बोलली?" मी विचारलं.

"गेलेल्या धानाले कोन नजर लावते?" तिनं माझ्या भातावर वरण ओतलं. "काजळापरीस हे बरं."

फोटो पाहिले, तर प्रत्येकात एका कोपऱ्यात करडं धुकं. त्यातला एक मी गटावर टाकला. कुणीतरी विचारलं, हा कोणता फिल्टर? एकानं तर त्या धुक्यात 'अन्नाच्या मुळाशी असलेली आदिम सावली' पाहिली. मी आभार मानले. काजळ घरचं होतं, हे सांगितलं नाही.

दिवाळीनंतर कापणी झाली. गावाला ताईनं सांगितलं, "वाचला बा थोडासा." तो थोडासा चिन्नोर पोतं भरून बसनं साकोलीला आला. बायकोनं पहिल्या दिवशी शिजवला तेव्हा शेजारीण वासानं विचारायला आली. पुढच्या वर्षीचं बी ताईनं वेगळं काढून ठेवल्याचं फोनवर कळलं. हे वाक्य तिनं हळू आवाजात सांगितलं, कारण भिंतीलाही सांगायचं नव्हतं.

मी अजूनही नजरेवर विश्वास ठेवत नाही. पण मागच्या महिन्यात पुन्हा तिचा फोन आला.

"बाबू, चिन्नोर निसवून राहिला. येजो."

"फोटो काढू देशील?"

"फोटोचं राहू दे. ते तीन पायाचं आन, काळं कापड आन, आनी बांधावर गुडघे टेकून बस. रस्त्यावरून दिसलं पाहिजे." मग ती म्हणाली, "आनी कोनी काही विचारलं त मान हालवजो. मांगच्या वर्षी हालवली होती तशीच."