कोमट सोलकढी

सुगंधा परबचं डोकं तापलं की ती मालवणीत बोलते, हे मुलुंडच्या कर्णिकांकडे भिंतींनाही ठाऊक आहे. एरवी आपलं चारचौघींसारखं मुंबईचं मराठी. पण कोथिंबीर शिळी निघाली, गॅसवाल्याने थापा मारल्या, की सुरू, "मेल्याचा तोंड बघूक नको!" बावीस वर्षं ती त्या घरात स्वयंपाक करतेय. त्या शनिवारी मात्र ती कुठल्याच भाषेत काही बोलली नाही. घरची सून रेवती म्हणाली, "मावशी, ती चावी जरा द्याल? लॅच बदलायचंय." सुगंधाने कमरेचा बटवा सोडला आणि चावी दिली.

ती चावी काही अशीतशी आलेली नव्हती. रेवतीच्या सासूचे, कुंदाताईंचे, गुडघे गेले तेव्हा त्यांच्या यजमानांनी, मधुकररावांनी, स्वतः तिच्या हातावर ठेवली होती. "सुगंधा, बेल वाजवून हिला उठवू नकोस. तू घरचीच आहेस." मधुकरराव जाऊन आठ वर्षं झाली. त्या माणसाचा शब्द सुगंधा रोज कमरेला बांधून घाटकोपरहून मुलुंडला येत होती.

सोमवारी बघते तर दाराला लॅच तेच. तोच ओरखडा, तोच सैल स्क्रू. खाली जिन्यात भांडीवाली शकु भेटली आणि तिने बिंग फोडलं. "तुझी एकटीचीच नाही गं, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांच्या चाव्या काढल्या. ती डिटेक्टिव्हची सिरियल नाही बघितलीस? त्यात स्वयंपाकीणच खुनी निघाली. तीपण मालवणी!"

संध्याकाळी लेकीने, श्रुतिकाने, मोबाइलवर तो भाग लावून दिला. सिरियलमध्ये मुलुंडसारखाच एक फ्लॅट, त्यात एकटी म्हातारी मरून पडलेली. इन्स्पेक्टर बाई येते, काळा चष्मा, ओठ दाबून बोलणं. किचनमध्ये जाऊन पातेल्याला बोट लावते आणि म्हणते, "सोलकढी अजून कोमट आहे. म्हणजे स्वयंपाकीण काशी खोटं बोलतेय. ती आत्ता इथेच होती. विष विरघळावं म्हणून तिने ही तापवली." की लगेच ढॅण ढॅण संगीत आणि काशीच्या हातात बेड्या.

"तापवली?" सुगंधा उठून उभीच राहिली. "सोलकढी कोण तापयता गो? कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध एकत्र गॅसवर ठेवलंस तर फाटून चोथापाणी होईल! मालवणची शेंबडी पोर पण सांगेल!"

"आई, खालच्या कमेंट वाच," श्रुतिका म्हणाली. मग तिलाच वाटलं, दाखवायला नको होत्या. पण तोवर सुगंधाने मोबाइल ओढून घेतला होता.

प्रेक्षकांचं नुसतं कौतुक उतू जात होतं. "काय डिटेलिंग! कोमट सोलकढीवरून खुनी पकडला, मानलं!" "लेखकाला मालवणी माणसाची काय जाण आहे!" "कामवाल्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांना धडा." आणि त्याखाली, फोटोसकट, रेवती कर्णिक. "आमच्याकडेही मालवणी मावशी आहेत. आजच चावी परत घेतली!" पुढे हसरं तोंड. त्या हसऱ्या तोंडाकडे सुगंधा बघतच राहिली. रेवतीच्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू कोणी वळले होते?

"लिही," ती श्रुतिकाला म्हणाली. "मी सुगंधा परब. बावीस वर्षं सोलकढी करते. ती गॅसवर ठेवत नाहीत, फाटते. तुमच्या इन्स्पेक्टरणीने चुकीची बाई पकडली."

दहा मिनिटांत उत्तरं. "काकू, ही सिरियल आहे, रेसिपीचा चॅनल नाही." "काशी नात्यातली वाटतं!" वर हसणाऱ्या तोंडांची ही रांग. आता सांगा, ज्या बाईला चोर ठरवलं तिने तोंड उघडलं तर ती विनोदी, आणि गप्प बसली तर खुनी. जायचं कुठे माणसाने?

रविवारी रेवतीने शेवटचा भाग बघायला चार मैत्रिणी जेवायला बोलावल्या. तळलेली सुरमई, भात आणि "मावशींच्या हातची सोलकढी." बाहेर टीव्हीसमोर इन्स्पेक्टरणीच्या हुशारीच्या आरत्या चालल्या होत्या. सुगंधाने फ्रिजमधून सोलकढी काढली. निम्मी बाजूला ठेवली. निम्मी पातेल्यात ओतली आणि आयुष्यात पहिल्यांदा सोलकढीखाली गॅस पेटवला. अन्नाची नासाडी तिला कधी खपली नव्हती.

पाच ग्लास भरून तिने ट्रे मधोमध आणून ठेवला. वर पांढऱ्या गुठळ्या, खाली तांबडं पाणी.

"ई, हे काय मावशी?" रेवती म्हणाली.

"कोमट सोलकढी. तुमच्या सिरियलमधली. घ्या, प्या ना! हे असलं त्या म्हातारीने गटागट प्यायलं? ती काय आंधळी होती? आणि ह्यावरून माझी चावी काढलीत?"

कोणी ग्लासाला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत कुंदाताई मात्र खुदकन हसल्या. "अगं, मी त्याच दिवशी म्हटलं, सोलकढी कोण तापवतं! साफ खोटं!"

सुगंधा वळली. "कोणाला म्हटलंत, ताई?"

कुंदाताईंचं हसू गेलं. "म्हणजे... मनात गं."

"मनात."

ती एवढंच म्हणाली. रेवतीचं, तिच्या मैत्रिणींचं, त्या इंटरनेटवरच्या सगळ्या दीडशहाण्यांचं तिला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. बावीस वर्षं हिच्या जिभेची चव सांभाळली, आणि ती जीभ ऐन वेळेला मनातच वळली! तिने आत जाऊन राखून ठेवलेली चांगली सोलकढी आणली, पाचही जणींना वाढली. रेवतीने लाल चेहऱ्याने ट्रेच्या कडेला चावी ठेवली.

"राहू दे ती तिथेच," सुगंधा म्हणाली. "बेल आहे ना दाराला."

सोमवारी साडेनऊला ती आली. रेवती ऑफिसला गेलेली. तिने बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, टक, थांबून पुन्हा टक. "आले गं... आले..." सुगंधाचा हात सवयीने कमरेकडे गेला. बटव्यात लोकलचा पास होता आणि अडकित्ता. डोळे भरून आले, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. मेले डोळे!

काठी हॉलपर्यंत येऊन थांबली. बहुतेक कुंदाताई भिंतीला टेकल्या होत्या.

सुगंधाने पदराने तोंड पुसलं आणि बेल पुन्हा दाबली.