यादीतलं भाभीचं नाव

लाजवंतीभाभी गेली हे तिच्या नवऱ्यानं, किशनभाऊंनी, दारात येऊन सांगितलं तेव्हा रडू यायच्या आधी मनात आलं, सुटली बाई... आता तिला कुणी न्यायला येणार नाही. माझीच मला लाज वाटली. पण सहा वर्षं आम्ही दोघींनी मिळून त्या भीतीत काढली होती, आणि ती भीती माझ्यामुळेच लागली होती.

तीस वर्षांपूर्वी भाभी लग्न होऊन पाकिस्तानातल्या सिंधमधून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आमच्या समोरच्या घरात आली. व्हिसावर राहायची, नागरिकत्वाचा अर्ज कुठंतरी पडून होता. पण बोलायला लागली की अस्सल कोल्हापुरी! पाण्याच्या मोर्च्यात घागर घेऊन सगळ्यात पुढं हीच. सहा वर्षांपूर्वी गल्लीतल्या बायकांची नावं मतदार यादीत घालायचे फॉर्म मी भरले, त्यात हिचाही भरला. ती इथली नाही हे डोक्यातच आलं नाही, देवाशपथ! तिला मराठी वाचता येत नव्हतं. "ताई सांगत्यात न्हवं?" म्हणत तिनं सही ठोकली... आपण भारताची नागरिक असल्याच्या ओळीखाली.

मतदानाचं कार्ड आलं आणि किशनभाऊ पांढरेफटक पडले. "ताई, खोटं लिहून दिल्यासारखं झालं की हे! हिला परत धाडतील." नाव काढायचा अर्ज आम्हीच दिला, तर चौकशीला बोलावणं आलं. सगळं कबूल करायचं ठरवून मी गेले होते. साहेबांनी विचारलं, आणि भाभी माझ्या आधी बोलली, "फॉर्म मीच भरून घेतला. ह्यांना काय ठावं न्हाय." माझी अंगणवाडीतली नोकरी तिला वाचवायची होती. ...आणि मी गप्प बसले. आजही त्या गप्प बसण्याची मला किळस येते.

समज देऊन सोडलं, नाव कमी झालं. तरी गल्लीत अनोळखी मोटारसायकल थांबली की भाभी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि मी कडी लावायची. एकदा मी भडकून म्हणाले, "इतकी वर्षं इथल्या नळाला रांग लावतीस, निदान नगरसेवक निवडायला तरी तुला मत पायजे!" ती घाबरून दाराकडं बघत म्हणाली, "मत नको ताई. इथंच राहू द्या म्हणावं." पण मत नसलेल्या माणसासाठी कोण उठतंय हो?

तेराव्यानंतर किशनभाऊंनी तिच्या खाटेखालची पिशवी माझ्याकडं दिली. दोन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, फडक्यात बांधलेली चटणीची बरणी. न्यायला आले तर हाताशी असावी म्हणून चौकशीपासून भरून ठेवलेली. मी बरणी उघडली. चटणी सहा वर्षांपूर्वीची नव्हती. ह्याच उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिरची कांडायच्या डंकावर उभं राहून कुटून आणलेली होती.