कोकिळाबाईंनी सही केली नाही

कोकिळाबाईंना पंचायतीत आणलं ते पितांबर आबांनीच. धरणगाव तालुक्यातल्या त्या गावात १९९७ साली एक जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा आबांनी गावातली तोंड न उघडणारी एक सून शोधली. सव्वीस वर्षांची, सातवी पास.

"तुला काही करायचं नाही पोरी. सांगू तिथं सही कर," गावचे पुढारी आबा म्हणाले.

दीड वर्ष कोकिळाबाईंनी तेच केलं. शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, त्या हात पुसून सही करायच्या. एकदा पिठाच्या बोटाला पान चिकटलं आणि सोडवता सोडवता ओळ वाचली गेली : नदीकाठचं गायरान आबांच्या संस्थेला शीतगृहासाठी देण्यास सर्वानुमते मंजुरी. अर्ध्या गावच्या शेळ्या त्या गायरानावर चरायच्या. कोकिळाबाईंच्याही चार होत्या. पण त्यांचं डोकं फिरलं ते 'सर्वानुमते' या शब्दावर. आपल्याला कुणी विचारलं?

रजिस्टर बगलेत मारून त्या तडक पंचायतीत गेल्या. आबा चार माणसांत चहा पीत बसले होते.

"आबा, हाई वाची दखाडा. बठ्ठासमोर."

"तुले काय करनं शे?"

"मी सदस्य शे ना?"

सगळ्यांसमोर कुणी वाचेना, तेव्हा त्यांनीच वाचलं. अडखळत, पण बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पुढच्या ग्रामसभेत शेळ्यावाल्यांनी असा गलका केला की आबांना ठराव मागे घ्यावा लागला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या नवऱ्याचं, अमृतचं, आबांच्या ट्रॅक्टरवरचं काम गेलं.

"माझं चुकलं का हो?" त्यांनी विचारलं.

"चुकलं कसलं?" अमृत म्हणाला. "आता चार शेळ्यांच्या आठ करू."

पुढच्या निवडणुकीत आबांनी त्यांना पाडलं. त्याच्या पुढच्या वेळी अकरा मतांनी पाडलं. लोक म्हणाले, बस कर आता. त्यांनी पुन्हा फॉर्म भरला आणि २०१२ मध्ये निवडून आल्या. दहा वर्षांनी सरपंचपदाची थेट निवडणूक लागली, तेव्हा समोर आबांचा मुलगा हितेंद्र होता. त्यालाही त्यांनी हरवलं.

आबा तोवर थकले होते, पण गायरानावरची नजर मुलाकडे आली होती. २०२५ मध्ये हितेंद्रनं तोच ठराव नव्या नावानं आणला. कोकिळाबाईंनी सही नाकारली. मग नऊपैकी आठ सदस्य हितेंद्रच्या दोन गाड्यांतून सापुताऱ्याला गेले, ते अविश्वास ठरावाच्या दिवशी थेट बैठकीतच उतरले. आठ हात वर झाले. आता गावानं गुप्त मतदानात होकार दिला की सरपंच घरी.

हितेंद्र दारात आला. "काकू, आधीच राजीनामा द्या. अब्रू राहील."

"मन्ही अब्रू मी दखसू," त्या शेळ्यांना पाला टाकत म्हणाल्या. "तू मतं मोजाले ये."

मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात रांग लागली. बाया कापूस वेचणीचं काम टाकून आल्या. कोकिळाबाई सावलीत बसल्या नाहीत. शेवटचा माणूस मत देईपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या. निकाल लागला : त्यांना काढा म्हणणारे ३८८, राहू द्या म्हणणारे ६१४.

हितेंद्र फेरमोजणी मागत होता. "मोजा, मोजा," त्या म्हणाल्या, "मला कुठं जायचंय?" फेरमोजणीत त्यांची दोन मतं वाढली.

पंधरा दिवसांनी त्यांनी मोजणीवाले बोलावून गायरानाच्या हद्दीवर दगड रोवायला घेतले. आठही सदस्यांना पत्रं धाडली होती. तिघे आले आणि खाली माना घालून कडेला उभे राहिले.

"उभे काय राहिलात?" कोकिळाबाई म्हणाल्या. "पहार घ्या."

त्यांनी घेतली.