तिसरं बेडं

पडदा वर जातो तेव्हा समोर पावस गावाच्या वरच्या अंगाचा सडा, कातळाचं उघडं माळ, दिसतो. जानेवारीची सकाळ आहे. कातळावरचं गवत कापून नेलेलं, उन्हाने अजून अंग धरलेलं नाही. खाली उतारावर हापूसची कलमं, त्यांच्या मोहोराचा वास, आणि पार तळाशी समुद्राची निळी पट्टी. डावीकडून एक माणूस येतो. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, खांद्यावर पहार. त्याला कसलीच घाई नाही. हा काशीराम धनावडे. आज तो चार बेडी उघडी टाकायला निघाला आहे, आणि साठीला आलेल्या त्याच्या आयुष्यात हे काम पहिलंच.

कारण काशीरामचा धंदा बंद करण्याचा. गडगा रचावा तर त्यानेच. ना माती ना चुना, नुसता दगडावर दगड, पण रेडा अंग घासून गेला तरी हलायचा नाही. त्या गडग्यात जाण्यायेण्यापुरती जागा सोडायची, दोन बाजूंना भोकं पाडलेले चिरे उभे करायचे आणि त्यांतून आडवे तीन बांबू सरकवायचे, म्हणजे झालं बेडं. नियम एकच. बांबू काढलास, पलीकडे गेलास, की मागे वळ आणि घाल. लहानपणी एकदा तो विसरला होता, तेव्हा बापाने त्याला त्याच बांबूने झोडलं होतं. पुढे पन्नास वर्षं तो विसरला नाही.

त्याला उघडायला लावलं ते तन्वीरने. हमीदभाई बागायतदारांचा हा मुलगा आधी बोटीवर होता, मग ओळखीने फ्रान्सात एका डोंगराळ गावी लागला. सायकलवाल्या पाहुण्यांचं तिथे विश्रामगृह होतं. उन्हाळाभर पाहुण्यांना जंगलवाटांनी फिरवायचं, हिवाळ्यात बर्फ पडलं की घरी यायचं. २००३च्या डिसेंबरात तो आला तो खोक्यात जाड चाकांची सायकल घेऊनच. ओटीवर बसून त्याने काशीरामला फोटो दाखवले. पानांनी झाकलेल्या वाटा, उपड्या टोपल्यांसारख्या गोल टेकड्या, त्यांच्या कुशीत चार घरांची गावं.

"नाना, इथून निघालं की दोन दिवस नुसतं जंगल. मधे एक चर्च, एक पाववाला."

"वाघ?"

"वाघ नाही. रानडुक्कर आहे."

"मंग आपल्यासारखंच की."

"वाटेवर खुणा बघा. एक त्रिकोण, त्याला लागून दोन गोल. म्हणजे ही सायकलची वाट. आणि ह्या फाटकावरची पाटी. काय लिहिलंय सांगू? गेल्यावर मागे लावून घ्या."

काशीराम खूश झाला. "म्हंजे तिकडं गुरं पन हायत आनि बिनअकलेची मान्सं पन हायत."

तन्वीरच्या मनात एक बेत होता. फेब्रुवारीत त्याचा मालक हिंडायला येणार होता. सड्यावरून समुद्रापर्यंतची वाट त्याच्या पसंतीला उतरली, तर दर हिवाळ्यात पाहुणे इकडे येतील आणि तन्वीरला अर्धं वर्ष घरी राहता येईल. त्याची आई सकिना तर आतापासूनच पाहुण्यांना घावन आवडतील का, म्हणून विचारत होती. पंधरा दिवस तन्वीर आणि काशीरामने वाट साफ केली. गडग्यांवर काशीरामने चुन्याने खुणा काढल्या. त्याचे गोल जरा भाकरीसारखे झाले.

आदल्या संध्याकाळी हौसा भेटली. नवरा गेलेला, घरी तीन गायी, त्यांच्या दुधावर चाललेलं. तिच्या गायी पाण्यावर जायच्या त्या हमीदभाईंच्या बागेतून, तिसऱ्या बेड्याने.

"बेडी उगडी टाकलास तर माझ्या गायी शिरतील कलमांत," ती तन्वीरला म्हणाली. "मंग शिव्या कुनी खायच्या? तुझ्या फ्रान्सवाल्यानं?"

"दोन तासांचा प्रश्न आहे, वैनी."

"गाय घड्याळ बघत नाय."

काशीराम हसला होता. पुढे ते हसणं त्याला फार महागात पडलं.

तर त्या सकाळी तन्वीर घड्याळ लावून, न थांबता, वरून खालपर्यंत उतरणार होता. काशीरामने पुढे जाऊन बेडी उघडायची एवढंच काम. पहिलं उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्याचे बांबू काढताना बाजूच्या गडग्याला आलेलं पोट त्याच्या नजरेस पडलं. पावसाळ्याआधी हे उतरवून पुन्हा रचलं पाहिजे, कुठला दगड आधी काढावा, याचा विचार करत तो पलीकडे गेला. चौथं उघडलं आणि खाली जाऊन तो नारळीच्या सावलीत विडी ओढत बसला.

वरून आवाज आला तो सायकलचा नव्हता.

तो धावत पोचला तेव्हा तन्वीर गडग्याच्या पायथ्याशी पडला होता आणि त्याचा उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. वळणावरून जोरात आलेल्या पोराला बांबू दिसले तेव्हा दोन हातही अंतर उरलं नव्हतं. वरचा बांबू मधोमध मोडला होता. त्याचा बुडखा, बुंध्याकडचं जाड टोक, डावीकडच्या चिऱ्यात तसाच अडकून राहिला होता.

काशीराम त्या बुडख्याकडे बघत राहिला. गावात सगळे बुडखा उजवीकडे घालतात. डावीकडे घालणारा माणूस एकच, डावरा काशीराम. पलीकडे गेल्यावर तो वळला होता, त्याने बांबू सरकवले होते, आणि यातलं काहीसुद्धा त्याला आठवत नव्हतं. हाताने आपलं काम केलं होतं.

तो डावरा आहे हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पण मोडक्या बांबूकडे बघायला त्या घडीला कोणाला सवड? आणि आदल्या संध्याकाळी कोण काय बोललं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

हौसा हमीदभाईंच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. "मी नाय घातलं. गावदेवीच्या पायरीवर उभी ऱ्हावून सांगेन."

"शपथ कशाला, बाई?" हमीदभाई थकल्या आवाजात म्हणाले. "माझ्या पोराचा पाय काय शपथेने जुळणार आहे?"

काशीराम तिथेच होता. तोंड उघडलं तेव्हा त्याने पाणी मागितलं. सकिनाने तांब्या आणून दिला. तो त्याने शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि घरी गेला.

पायाची दोन ऑपरेशनं झाली. मालक आला नाही, फ्रान्सातली जागा दुसऱ्याला गेली. तन्वीरने पावसच्या तिठ्यावर सायकलचं दुकान घातलं. तो लंगडत चालायचा आणि तरी शीळ घालायचा. वाडीने हौसाचा रतीब बंद केला. आणि एप्रिलात हमीदभाईंनी काशीरामला बोलावलं.

"तिसरं बेडं नको आता डोळ्यासमोर. बुजवून टाक. जाऊ देत तिच्या गायी सड्यावरून."

काशीरामने बुजवलं. दोन दिवस लागले. त्याच्या उभ्या आयुष्यात इतका चांगला गडगा झाला नव्हता. दगडाला दगड असा बसला की सुरीचं पातं शिरणार नाही. दुसऱ्या दिवशी हौसा गायी घेऊन आली, उभी राहिली, आणि तिने गडग्यावरून हात फिरवला.

"तुमच्या हातचा हाय, भावजी. ह्यो काय हलायचा नाय."

ती गायींना वळवून दोन मैलांच्या वळशाला लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पावसाळ्याने चुन्याच्या खुणा धुतल्या. दिवाळी झाल्यावर काशीराम चुन्याचं डबडं घेऊन गेला आणि एकेक त्रिकोण, एकेक गोल पुन्हा काढून आला. पुढच्या वर्षीही काढले. लोक म्हणत, काशीनानाचा जीव हो त्या पोरावर. तो मान खाली घालून ऐके. कधी गोल काढता काढता त्याला तो फोटोतला रस्ता दिसायचा, पानांनी झाकलेला, टेकडीमागून टेकडी, आणि त्यावरून जाणारे पाहुणे. त्यांच्या पुढे वाट दाखवणारं कोणी नसायचं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत तो दुकानात गेला होता, दगड ओढायला घमेल्याला सायकलची जुनी चाकं बसवून घ्यायला. तन्वीर हसत म्हणाला, "नाना, फ्रान्सहून दोस्ताने फोटो पाठवलाय. तेच फाटक बघा, तीच पाटी. मागे लावून घ्या. मी तिथे पाहुण्यांना रोज बजावायचो, वळणावर हळू, फाटक लागलेलं असेल. आणि स्वतः घड्याळाच्या नादी लागलो." त्याने फोटो खिळ्याला अडकवला. "हौसावैनीने चुकीचं काय केलं? मी तिला कधीच माफ केलं. अब्बांनाही सांगणार आहे."

काशीराम घमेलं तिथेच टाकून उठला. पोराने माफ केलं होतं. भलत्याच माणसाला माफ केलं होतं. आजवरचं सगळं त्याने पचवलं होतं, हे घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सड्याखाली पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. दगड पडल्याचा आवाज ऐकून हमीदभाई काठी टेकत वर आले, मागून तन्वीर आला. गायी घेऊन वळशाला निघालेली हौसाही थांबली. गडग्याला माणूसभर रुंद भगदाड पडलं होतं. काशीरामने जुने भोकाचे चिरे शोधून पुन्हा उभे केले होते आणि तो घामाने निथळत होता.

"काशीराम, डोकं फिरलं काय तुझं?"

"हमीदभाय, त्या दिवशी बेडं मी घातलं. बुडखा डावीकडं होता. मी बघितला आनि गप ऱ्हायलो."

तन्वीरने गडग्यावरच्या चुन्याच्या गोलाला बोट लावलं, मग आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. "दर वर्षी खुणा काढत होतात, नाना," तो हळूच म्हणाला. "एकदा तोंडानं बोलायचंत." हमीदभाई हौसाकडे बघू शकले नाहीत. ते खाली दगडावर बसले.

हौसा पुढे आली. काशीराम बाजूला झाला. तिने पहिली गाय भगदाडातून आत घातली, मग दुसरी, मग तिसरी.

"दोन वर्सं माझ्या घरचं दूद ह्या वाडीनं सांडलं, भावजी," ती जाता जाता म्हणाली. "आनि तुमी खुना काडत होतात."

ती पलीकडे गेली आणि उताराला लागली. काशीरामच्या हातात नवा बांबू होता. हात आपणहून चिऱ्याच्या भोकाकडे गेला आणि त्याने तो अर्ध्यावर धरून ठेवला. गायींच्या घंटा खाली खाली चालल्या होत्या. तेव्हा त्याने हाक मारली.

"वैनी, बेडं घालू, की ऱ्हावं दे?"